थकवा म्हणजे आळस नव्हे
(शिरूर-दौंडच्या ग्रामसंघांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)



आज बचत-कर्जाचा विषय बाजूला ठेवू. बैठकीला आले की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पोरी, हल्ली अंगात जीवच राहिला नाही बघ." हा जीव येतो कुठून, ते आज बघू.

सुरुवात उसापासून करते. उसाच्या पानातलं हरितद्रव्य ऊन धरतं. मुळांनी ओढलेलं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची पान साखर करतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. उरलेली साखर कांड्यात साठते. दौंडच्या गुऱ्हाळातला गूळ म्हणजे साठवलेलं ऊनच की!

पण झाडालाही जगायला साखर खर्चावी लागते. शिरूरच्या ताईंनो, तुमच्या चाळीतला कांदा काढल्यावरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, आतली साखर जाळतो, त्यातून ऊब आणि ओल सुटते. म्हणून तर चाळीला चहूबाजूंनी हवा लागते, आणि तरीही कांद्याचं वजन घटतंच.

आपलंही तसंच. भाकरी पचून तिची साखर होते आणि रक्तातून पेशीपेशीत जाते. पेशीत तंतुकणिका असतात. त्या म्हणजे बारीक चुलीच समजा. तिथे ऑक्सिजन मिळाला की साखरेतून एटीपी तयार होतं. साखर म्हणजे गटाच्या खात्यातली रक्कम, एटीपी म्हणजे हातातले सुट्टे पैसे. खुरपायला, हंडा उचलायला, झोपेत काळीज चालायलासुद्धा सुट्टेच लागतात.

आता सांगा, चुलीत लाकूड आहे पण वारा नाही, तर काय होईल? नुसता धूर. पेशीपर्यंत ऑक्सिजन नेतं रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि ते बनायला लोह लागतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदर बाईचं 11 च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे इथे बसलेल्यांतही असणारच.

माझंच सांगते. जिना चढताना धाप लागायची. वाटायचं, फिरतीचा शीण असेल. तपासलं तर 9.6! लोकांना सांगणारी मीच तपासलं नव्हतं.

तेव्हा एवढं करा. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. जेवण आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. पालेभाजी, मटकीवर लिंबू पिळा, लोह चांगलं अंगी लागतं. पाळीत फार जात असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, कारण नुसत्या गोळ्यांनी ते भागणार नाही.

आणि शेवटचं. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते खायचं, ही सवय मोडा. कांद्याच्या चाळीला हवा मिळते की नाही हे आपण रोज बघतो. तेवढं लक्ष स्वतःकडेही द्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला आकडा घेऊन या. मीही माझा नवा आकडा सांगेन.