डोरोथी कॅरे : एका मिशनऱ्याचा संसार



मुद्रित मराठी गद्याचा इतिहास सांगावयाचा तर डॉ. विल्यम कॅरे यांचे नाव प्रारंभीच घ्यावे लागते. बंगालमधील श्रीरामपूर येथे राहून या इंग्रज मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. व्याकरणातील मराठी शब्द देवनागरीत छापले गेले, तर कोशासाठी मोडी खिळे वापरले गेले. या कामी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ यांचे मोठे साहाय्य झाले. आपल्या वाङ्मयेतिहासांत एवढे येते. परंतु ज्या घरात हे व्याकरण सिद्ध होत होते, त्या घराची हकिकत मराठी वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथांचे ऋण स्मरताना त्या घरातील एका स्त्रीचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरू नये.

तिचे नाव डोरोथी. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील पिडिंग्टन या खेड्यात १७८१ साली तिचा कॅरे यांच्याशी विवाह झाला. वर एकोणीस वर्षांचा, चर्मकाराचा व्यवसाय करणारा, वधू पंचविशीतील. तिला सही करता येत नव्हती; विवाहाच्या नोंदवहीत तिने केवळ फुलीची खूण केली. नवरा चामडे शिवताशिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकत गेला आणि पुढे धर्मोपदेशक झाला. दोघांच्या मनोविश्वांतील अंतर वाढत गेले असावे. मिळकत तुटपुंजी होती, आणि दोन मुली लहानपणीच दगावल्या.

१७९२ साली केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि कॅरे यांनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. डोरोथीने स्पष्ट नकार दिला. पदरी तीन मुलगे, चौथे अपत्य पोटात; फेब्रुवारी १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्याने समुद्रप्रवासही धोक्याचा झालेला. या नकारात श्रद्धेचा अभाव शोधण्याचे कारण नाही. त्यात आईचा व्यवहार होता. तेव्हा फेलिक्सला तेवढे बरोबर घेऊन कॅरे निघाले. मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्यांना वाटेतच जहाजावरून उतरावे लागले. दुसऱ्या जहाजाची सोय होईतो चौथा मुलगा जन्मला होता. कॅरे आणि त्यांचे सहकारी डॉ. जॉन थॉमस पुन्हा पिडिंग्टनला आले. डोरोथीने पुन्हा नकार दिला. दोघे निघाले, परंतु थॉमस अर्ध्या वाटेवरून परतले आणि कुटुंब दुभंगले तर जन्मभर पस्तावशील, असे त्यांनी तिला बजावले. बहीण कॅथरीन बरोबर येणार असेल तरच येईन, या एका अटीवर ती तयार झाली. १३ जून १७९३ रोजी तान्ह्या मुलासह हे कुटुंब डेन्मार्कच्या जहाजातून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये बंगालला पोहोचले.

पुढील काही महिने हालांचे गेले. पैसे संपले. राहण्याची जागा वरचेवर बदलावी लागली. डोरोथी आणि फेलिक्स रक्ती आवेने अंथरुणास खिळले. सुंदरबनातील देभट्टा येथे कंपनीच्या मीठखात्यातील एका अधिकाऱ्याने त्यांना आसरा दिला. पुढे कॅरे यांना मालदा भागातील मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर काम मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. कॅथरीन मात्र मागे राहिली आणि तिने त्या अधिकाऱ्याशी विवाह केला. ज्या अटीवर डोरोथीने देश सोडला, ती अट अशी वर्षभरातच गळून पडली. १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर आजारपणात गेला. जातीबाहेर पडण्याच्या भीतीने त्याचे प्रेत उचलावयास कोणी धजेना.

त्यानंतर डोरोथीचे मन ढळले. पती परस्त्रीशी रत आहे, हा भ्रम तिला १७९५ पासून जडला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. ती चारचौघांत त्यांच्यावर आरोप करी. त्यांच्या जिवावर उठण्याचे प्रसंगही आले. शेवटी तिला खोलीत बंद करून ठेवणे भाग पडले. कॅरे यांनी तिला दूर धाडले नाही. बारा वर्षे ती घरातच राहिली. १८०० साली मंडळी श्रीरामपुरास स्थायिक झाल्यावर हॅना मार्शमन या सहकारी मिशनऱ्याच्या पत्नीने कॅरे यांच्या मुलांकडे लक्ष पुरविले. तोवर ती पुष्कळशी वाऱ्यावर होती. शेजारच्या खोलीत पत्नीचा आक्रोश चालू असताना कॅरे आपली भाषांतरे करीत, असे जॉन क्लार्क मार्शमन या समकालीनाने लिहून ठेवले आहे. १८०५ चे मराठी व्याकरण याच काळातील. ८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथीचे निधन झाले.

सहा महिन्यांच्या आतच कॅरे यांनी शार्लट रुमोर या विदुषीशी विवाह केला. ही घाई सहकाऱ्यांना रुचली नव्हती. शार्लट शरीराने दुबळी होती, पण कॅरे यांच्या भाषाकार्यात तिला मनापासून रस होता. १८२१ साली तिचे निधन होईपर्यंत हा संसार सुखाचा झाला. समान आवड असलेली सोबत कॅरे यांना प्रथम येथे लाभली. डोरोथीला मात्र तशी सोबत कधीच मिळाली नाही.

या साऱ्याचा न्याय कसा करावा? कॅरे निर्दय नव्हते. त्या काळी अशा रोगावर उपचार नव्हता आणि वेड्यांच्या इस्पितळांची स्थिती भयानक होती. सतीच्या प्रथेविरुद्ध त्यांनी अनेक वर्षे आवाज उठविला आणि १८२९ च्या सतीबंदीच्या कायद्याचे बंगाली भाषांतरही त्यांनीच केले. परक्या समाजातील स्त्रीचे दुःख ज्याला दिसले, त्याने स्वतःच्या पत्नीचा नकार मात्र प्रवासातील अडथळा मानला, ही विसंगती नाकारता येत नाही. ईश्वरी आज्ञा पतीला ऐकू आली होती. तिची किंमत पत्नीने आणि मुलांनी मोजली. ध्येयाने पछाडलेल्या पुरुषांच्या घरी, मग ते कोणत्याही धर्माचे वा पक्षाचे असोत, हा प्रश्न उभा राहतोच. ‘त्याग’ हा शब्द आपण नेत्याच्या नावापुढे लिहितो. घरच्यांनी तो स्वेच्छेने केला होता काय, हे विचारीत नाही.

अनेक चरित्रकारांनी डोरोथीला थोर पतीच्या वाटेतील धोंड ठरविले. तिची बाजू मांडणारे जेम्स बेक यांचे स्वतंत्र चरित्र १९९२ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर १८५ वर्षांनी प्रसिद्ध झाले. ग्रंथालये असतात ती अशा उशिरा येणाऱ्या साक्षींसाठीही. कॅरे यांच्या व्याकरणाचे मोल डोरोथीच्या हकिकतीने कमी होत नाही. मराठी भाषेवरील त्यांचे उपकार मोठेच आहेत. मात्र ते उपकार मोजताना कर्त्याच्या व पंडित वैजनाथांच्या नावांबरोबर फुलीची खूण करणाऱ्या त्या स्त्रीचेही नाव घेतले जावे, एवढेच या प्रसंगी सांगणे आहे.