ट्रॅक्टर तेल गाळतो, पण नेमके कुठून?



मी कृषिविद्या शाखेचा शिक्षक. बियाण्याचे प्रमाण, दोन ओळींतील अंतर, आंतरमशागत हे माझे नेहमीचे विषय. ते सोडून आज इंजिनाच्या तेलावर बोलणार आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पण मृगाचा पाऊस होऊन जमिनीत वाफसा आला की आपल्या काळ्या रानात पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला तर सोयाबीनची पेरणी पुढे सरकते आणि तूरही मागे पडते. पेरणीची वेळ साधणे हे जर कृषिविद्येत येत असेल, तर ट्रॅक्टरची निगाही तिच्यात यावी, असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्यात पंधरा-वीस वर्षे वापरलेले ट्रॅक्टर पुष्कळ आहेत. भोकरदन, जाफराबादपासून मंठा, परतूरपर्यंत कोणत्याही आठवडी बाजाराला गेलात तर ते दिसतील. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ साली सुरू झालेल्या महिंद्राच्या उद्योगातून बी-२७५ हा ट्रॅक्टर आला. त्या घराण्यातले जुने ट्रॅक्टर, तसेच आता ज्यांचे उत्पादन बंद झाले आहे ते एचएमटी, यांची यंत्ररचना साधी आणि मजबूत आहे. त्यामुळे जुना ट्रॅक्टर ठेवण्यात कमीपणा मानू नये. मात्र "जुनी गाडी आहे, तेल गाळणारच" असे म्हणून स्वस्थ बसू नये.

थोडा हिशेब करू. ढोबळ मानाने वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरा. दर पाच सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ७२० थेंब, म्हणजे सुमारे ३६ मिलिलिटर तेल जाते. दहा तासांच्या नांगरटीत ३६० मिलिलिटर, आणि तीन दिवसांत लिटरभराहून जास्त. इंजिनात तेल असते काही लिटरच. पातळी पट्टीवरच्या खालच्या खुणेच्या खाली गेली की बेअरिंगला तेल पोचेनासे होते. मग दोन-तीनशे रुपयांच्या पॅकिंगकडे केलेले दुर्लक्ष क्रँकशाफ्टच्या कामापर्यंत नेते. दुसरा धोका आगीचा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी चालू असताना ट्रॅक्टर एका जागी तासन्‌तास फिरतो. भोवती भुसा उडतो, आणि टॅपेट कव्हरमधून पाझरलेले तेल तापलेल्या सायलेन्सरच्या मुळाशी येते. अशा वेळी खळ्यावर ठिणगीची वाट पाहावी लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असते असे मुळीच नाही. तेल उताराने खाली येते, आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. वरच्या टॅपेट कव्हरचे तेल ब्लॉकवरून ओघळून चेंबरच्या कडेला लोंबते. मग आपण चेंबरचे पॅकिंग बदलतो आणि गळती तशीच राहते. म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिन धुवावे. ते पूर्ण थंड असावे. एअर क्लीनरचे तोंड आणि डायनामो प्लास्टिकने बांधून घ्यावेत. डिझेल आणि ब्रशने मळ काढावा, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. पेट्रोल वापरू नये. कोरड्या इंजिनावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, ब्रेक लावून, पीटीओ सोडून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे आणि बंद करून बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. पावडर जिथे सर्वांत वर भिजली, ती गळतीची जागा. इंजिन चालू असताना पंख्याजवळ वाकू नये; उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर पट्ट्यात सापडायला क्षणही लागत नाही.

गळणारे तेल इंजिनाचेच आहे ना, हेही पाहावे. गिअरच्या ९० नंबर तेलाला उग्र, गंधकासारखा वास येतो. डिझेल पातळ असते आणि त्याचा वास लपत नाही. पट्टीवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि तेल पातळ लागत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटून किंवा इंजेक्शन पंपाच्या सीलमधून डिझेल तेलात उतरत असण्याची शक्यता असते. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. या दोन्ही अवस्थांत इंजिन एक तासही चालवू नये.

यानंतर मी सर्वांत जास्त भर देतो तो ब्रीदरवर. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये नेहमीच जातो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी किंवा जाळी असते. आपल्याकडची धूळ तेलात कालवून ती जाळी चिखलाने लिंपल्यासारखी बंद होते. मग आतला दाब वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो: पुढच्या सीलमधून, मागच्या सीलमधून, पट्टीच्या भोकातून. एकाच वेळी चार ठिकाणी गळती दिसली तर चार पॅकिंगे आणायला शहरात जाऊ नये. आधी ब्रीदर काढून डिझेलने धुवावा. खर्च काहीच नाही.

ब्रीदर साफ असूनही दाब राहत असेल तर इंजिन गरम करून, ते मंद चालू असताना तेल भरण्याचे झाकण जपून उघडावे. किंचित वाफ येणे स्वाभाविक आहे. पण भात्यासारखे ठोके देत धूर येत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल, सकाळी इंजिन लवकर चालू होत नसेल, तर रिंग आणि लायनर झिजले आहेत. अशा इंजिनावर नवे पॅकिंग लावणे म्हणजे फुटक्या घागरीला बाहेरून चिखल लावणे. त्याला इंजिन बांधण्याचेच काम काढावे लागते.

दाब ठीक असेल तर दुरुस्ती सोपी असते. टॅपेट कव्हरची गळती बहुधा कॉर्क वाळून तडकल्यामुळे होते. बोल्ट आणखी आवळत गेल्याने पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. कव्हर काढून, कड सपाट ऐरणीवर हलक्या हाताने सरळ करावी, जुने पॅकिंग पूर्ण खरवडून काढावे आणि बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करून आवळावेत. शेलॅक किंवा सिलिकॉन अगदी पातळ लावावे. आत ओघळलेला जाड थर सुटून तेलाच्या जाळीत अडकतो, आणि मग बिघाड गळतीपेक्षा मोठा होतो. ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ पडतो व पुन्हा बसतो. तेलाचा फिल्टर बदलताना जुनी रबरी कडी वर चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपावे.

पुलीमागच्या ऑइल सीलचे रबर उष्णतेने कडक होते. नवे सील बसवताना त्याची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला यावी. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवे सीलही टिकत नाही. जागा असेल तर ते दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे, नाहीतर शाफ्टवर बाही चढवून घ्यावी.

मागच्या क्रँक सीलची गळती मात्र घरी करण्याचे काम नाही, कारण ट्रॅक्टर मधून दुभागावा लागतो. अनेक ट्रॅक्टरांत क्लच हाऊसिंगच्या तळाला एक भोक असते, त्यात कॉटर पिन लटकलेली असते. तिथून तेल ठिबकत असेल तर ते इंजिनाचे की गिअरचे, हे वासावरून ओळखावे. काही जण त्या भोकात लाकडी खुंटी ठोकतात. असे कदापि करू नये. तेल आत साचून क्लच प्लेटपर्यंत चढते आणि भरल्या ट्रॉलीसह चढावर क्लच घसरतो. थेंब थोडे असतील तर हंगाम उरकेपर्यंत दररोज सकाळी पातळी पाहून तेल भरत काम चालवावे आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टर उघडावा. क्लच घसरू लागला असेल तर मात्र हंगामाची सबब सांगू नये.

गळती थांबावी म्हणून कोणी फार जाड तेल भरतात. थंडीच्या सकाळी असे तेल वरपर्यंत उशिरा पोचते. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. काढलेले जळके तेल बैलांच्या खरजेवर चोळण्याची रीत अजून काही गावांत आहे. त्या तेलात कर्करोगाला कारण ठरणारे पदार्थ असतात. जनावराच्या अंगाला आणि आपल्या हातालाही ते लागू देऊ नये, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याकडे द्यावे.

हे सर्व करण्यासाठी मे महिन्याचा शेवटचा आठवडा बरा. रान तयार असते, पाऊस दूर असतो, आणि सुटे भाग आणायला जालन्याला एक फेरी मारण्याइतकी सवड असते.