वजनकाट्याच्या दोन्ही बाजूंना



विमान आणि पर्यटन व्यवसायाच्या पुण्यातल्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलंत, याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

माझी नोकरी मुंबईत सहारच्या विमानतळावर, रात्रपाळीत, वजनकाट्यामागे सुरू झाली. आखाती देशांची विमानं मध्यरात्रीनंतर सुटायची. रत्नागिरी-रायगडहून एसटीनं आलेली माणसं संध्याकाळपासूनच बाहेर पथारी पसरून बसायची. जाणारा एक आणि पोचवायला आलेले दहा. एका रात्री दापोलीकडची एक आई मुलाकडे निघाली होती. बॅग चार किलो जास्त भरली. तिनं ती तिथंच फरशीवर उघडली. आत लोणच्याची बरणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी. तिनं आधी स्वतःच्या साड्या बाहेर काढल्या, मग शाल काढली. मुलाच्या खाऊला हात लावला नाही. साड्यांची ती पिशवी मी बाहेर तिच्या भावाच्या हातात नेऊन दिली.

अलीकडे तसाच प्रसंग मी काट्याच्या पलीकडून पाहिला, प्रवाशांच्या रांगेत उभी राहून. पहिल्या नोकरीसाठी परदेशी निघालेल्या एका मुलाकडे सर्वांत स्वस्त तिकीट होतं. त्यात सामान धरलेलं नाही, हे त्याला काउंटरवर कळलं. बॅगेसाठी जी रक्कम मागितली गेली, ती जवळजवळ तिकिटाइतकी होती. तो फोनवरून घरी पैसे मागत होता आणि मागची रांग गप्प उभी होती. काउंटरवरची मुलगी तिच्या नियमानंच वागत होती. पण ते तिकीट विकणारा आपल्यापैकीच कोणीतरी होता, आणि त्यानं त्या मुलाला दोन वाक्यं समजावून सांगितली नव्हती.

आपल्या घरांत काटकसर आणि चिकटपणा यांतला फरक लहानपणीच शिकवला जातो. काटकसरी गृहिणी वरणाला उकळी आली की गॅस बारीक करते, उरलेल्या पोळीचा कुस्करा करते. पाहुण्याच्या ताटात वाढताना मात्र हात आखडत नाही. आपल्या देशातल्या बजेट विमान कंपन्या आज नव्या परदेशी बाजारपेठांकडे निघाल्या आहेत. त्यांच्या या विस्ताराकडे मी याच फरकाच्या नजरेनं पाहते, आणि आज त्याबद्दलच बोलणार आहे.

मुळात या कंपन्यांना परदेशी जावंसं का वाटतं? याचं उत्तर रात्री धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या विमानात आहे. देशांतर्गत उड्डाणं पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालतात. मध्यरात्रीनंतर अंतर्गत प्रवासाला फारसं गिऱ्हाईक नसतं. भाड्यानं घेतलेल्या विमानाचं भाडं मात्र रात्रीचंही भरावं लागतं. तेच विमान रात्री दुबईला किंवा मस्कतला जाऊन पहाटे परतलं, तर भाडं तेवढंच आणि कमाई वाढलेली. दुसरं कारण डॉलरचं. विमानांचं भाडं आणि इंजिनांची देखभाल डॉलरमध्ये, इंधनाचा दरही डॉलरशी बांधलेला, आणि देशातलं तिकीट रुपयात. रुपया घसरला की नफा वितळतो. परदेशात विकलेलं तिकीट परकी चलन आणतं आणि तेवढाच आधार मिळतो.

ही वाट सरळ नव्हती. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं २००३ मध्ये बंगळूर-हुबळी विमान उडवलं आणि विमानप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. खासगी कंपनीला परदेशी जायचं तर मात्र पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमानं हवीत, असा नियम होता. इंडिगोनं ऑगस्ट २००६ मध्ये सुरुवात केली आणि पाच वर्षं पुरी होताच, १ सप्टेंबर २०११ ला, तिचं पहिलं परदेशी विमान दिल्लीहून दुबईला गेलं. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणानं पाच वर्षांची अट काढली. ठरावीक विमानं देशांतर्गत सेवेसाठी राखण्याची अट तेवढी ठेवली. म्हणूनच ऑगस्ट २०२२ मध्ये जन्मलेली अकासा एअर मार्च २०२४ मध्ये मुंबईहून दोह्याला पोचू शकली. त्याआधी, २००५ मध्ये, एअर इंडिया एक्स्प्रेस आखातातल्या केरळी कामगारांसाठी सुरू झाली होती. तिचं पहिलं उड्डाण तिरुवनंतपुरमहून झालं, दिल्ली-मुंबईहून नव्हे. विमान माणसांच्या गरजेमागे गेलं होतं. ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आता मुंबईवर कंपासचं टोक ठेवा आणि सहा तासांच्या उड्डाणाचं वर्तुळ काढा. त्यात सारं आखात येतं, नैरोबी येतं, कॉकेशस आणि मध्य आशिया येतो, पूर्वेला बँकॉक आणि सिंगापूर येतं. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इंडिगोनं मुंबईहून नैरोबी आणि दिल्लीहून तिबिलिसी, बाकू, ताश्कंद आणि अल्माटी जोडली, ती याच वर्तुळात. त्याच वर्षाच्या अखेरीस आधी थायलंडनं आणि मग मलेशियानं भारतीयांना व्हिसा माफ केला. तुमच्यापैकी प्रत्येक सहल संयोजकाला आठवत असेल, त्या हंगामात चौकशीचा ओघ कसा बदलला. नवा मार्ग आणि सोपा व्हिसा ही एका गाडीची दोन चाकं आहेत.

या वर्तुळात काटकसर चालते, कारण इथं बचत वेळात होते. देशांतर्गत मार्गांवर एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं. प्रत्येक वेळी जमिनीवरचा अर्धा तास वाचवला, तर दिवसाअखेर एक जादा फेरी पदरात पडते. एकाच जातीची विमानं असली की वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, अभियंते यांचा खर्च आटोक्यात राहतो. नऊ-दहा तासांच्या मार्गावर मात्र विमान दिवसातून दोनदाच जमिनीवर येतं. अर्धा तास वाचवून तिथं काय हाती लागणार? खर्चाचा मोठा भाग इंधन गिळतं आणि ते सगळ्यांना जवळपास सारख्याच भावानं मिळतं. शिवाय जुन्या कंपन्यांकडे बिझनेस क्लासचं उत्पन्न असतं आणि पुढच्या शहरांना जोडणारी विमानं असतात.

इतिहासानं हा धडा पुन्हा पुन्हा दिला आहे. फ्रेडी लेकर यांनी १९७७ मध्ये लंडन-न्यूयॉर्क स्कायट्रेन सुरू केली. सामान्य ब्रिटिश माणसाला अटलांटिक ओलांडता आला. फेब्रुवारी १९८२ मध्ये ती कंपनी बुडाली. आइसलँडची वॉव एअर मार्च २०१९ मध्ये एका पहाटे बंद झाली आणि प्रवासी दोन खंडांवर अडकले. नॉर्वेजियननं जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्याची सेवा गुंडाळली. ही माणसं अडाणी नव्हती. जवळच्या अंतराचं गणित त्यांनी लांबच्या अंतराला लावलं, एवढीच त्यांची चूक.

म्हणून जुलै २०२५ मध्ये इंडिगोनं भाड्यानं घेतलेल्या बोइंग ७८७ विमानांनी मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅम जोडलं, तेव्हा मला आनंद आणि काळजी एकदमच वाटली. आनंद अशासाठी, की १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस याच मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेलं होतं, आणि भारतीय कंपनीनं युरोपला थेट जावं ही इच्छा तेव्हापासूनची आहे. मोठ्या विमानाच्या पोटात माल जातो. आपल्या हापूसच्या पेट्या आणि भाजीपाला नेण्यासाठी ते पोट फार मोलाचं आहे. काळजी अशी, की पुढं बिझनेस क्लास, गरम जेवण आणि एकमेकांची तिकिटं विकणारे कोडशेअर भागीदार घेऊन निघालेली कंपनी आता निव्वळ बजेट कंपनी उरत नाही. तिनं हे उघडपणे मान्य करावं आणि तसा पैसा, माणसं आणि सुटे भाग आधी उभे करावेत. स्वयंपाक चार माणसांचा करून आमंत्रण चाळीस जणांना देऊ नये.

परदेशी मार्गाला आणखी एक जोखीम असते, ती राजकारणाची. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं. वळसा एवढा वाढला की लहान विमानांना अल्माटी आणि ताश्कंद आवाक्याबाहेर गेली आणि इंडिगोला ती सेवा थांबवावी लागली. नकाशावरची रेघ सरळ असते, आकाशातली वाट दुसऱ्याच्या परवानगीनं जाते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभी आहे, त्याकडे येते. रात्रीचं विमान कामाला लागलं, हे मी सांगितलं. पण त्या विमानात जागं राहणारी माणसं असतात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम टप्प्याटप्प्यानं लागू झाले, तशी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. त्यासाठीची तयारी अपुरी पडली आणि डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचं, इंडिगोचं, वेळापत्रक कोलमडलं. एकेका दिवशी शेकडो उड्डाणं रद्द झाली आणि सरकारला नियमांतून काही काळ सूट द्यावी लागली. त्या दिवसांत टर्मिनलच्या फरशीवर झोपलेली लहान मुलं आपण सगळ्यांनी पाहिली. विमानं मागवणं सोपं, माणसं घडवायला वर्षं लागतात. वैमानिकाची झोप, केबिनमधल्या मुलीचा आराम, रात्रभर बॅगा चढवणाऱ्या लोडरची कंबर यांतून वाचवलेला पैसा मी काटकसर मानत नाही. तो चिकटपणा आहे, आणि त्याची किंमत एक दिवस सुरक्षिततेला मोजावी लागते.

प्रवाशाबद्दलही तेच. सामानाचे, आसनाचे, जेवणाचे वेगळे पैसे घ्यायला माझी हरकत नाही. ज्याला जेवण नको, त्यानं दुसऱ्याच्या जेवणाचे पैसे का भरावेत? पण एकूण किंमत पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत दिसली पाहिजे. परदेशी मार्गावर आठवड्यातून दोन-तीनच फेऱ्या असतील आणि एक रद्द झाली, तर प्रवाशाला तीन दिवस परक्या शहरात काढावे लागतात. व्हिसा संपतो, नोकरीवर खाडा पडतो. नवा मार्ग जाहीर करण्याआधी कंपनीनं दुसऱ्या कंपनीशी करार करून अडकलेल्या माणसाला घरी आणण्याची सोय केलेली असावी. ज्या शहरात ही सोय होत नाही, तिथं जाण्याची घाई करू नये.

आणि विमान निघावं कुठून? दुबईच्या मार्गावर दोन्ही देशांच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा आहे, आणि ती केव्हाच भरली. ती वाढवू नये, भारतीय कंपन्यांनीच लांबची थेट विमानं चालवावीत, असा एक विचार आहे. त्यात तथ्य आहे. पण सुट्टीत गावी येणाऱ्या कामगाराला त्यामुळे महाग तिकीट पडतं, हेही तितकंच खरं. माझी सूचना अशी, की आसनं वाढवावीत आणि वाढलेल्या आसनांचा ठरलेला वाटा पुणे, नागपूर, गोव्यातलं मोपा अशा विमानतळांसाठी राखावा. लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथल्या मर्यादा मला ठाऊक आहेत. तरीही जर्मनीला शिकायला निघालेल्या पुण्याच्या विद्यार्थ्यानं रात्री घाट उतरून मुंबई गाठावी, ही स्थिती आपण कायमची मानू नये. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे. तिथल्या भूमिपुत्रांसाठी दि. बा. पाटील आयुष्यभर लढले. त्या गावांतल्या मुलामुलींना काउंटरवर, कार्यशाळेत आणि कॉकपिटमध्ये जागा मिळाली, तरच त्या धावपट्टीचं ऋण फिटेल.

सहकाऱ्यांनो, आपल्याकडूनही मला एक वचन हवं आहे. तिकीट विकताना सामान किती, रद्द झालं तर काय, टर्मिनल कोणतं, हे आपण तोंडानं सांगू आणि कागदावर लिहून देऊ. त्याला दोन मिनिटं लागतात. तरुणांना मी सांगेन, मार्गांचं गणित शिका, किती आसनं भरली आणि त्यातून किती मिळालं, म्हणजे लोड फॅक्टर आणि यील्ड, शिका, पण एक महिना तरी काउंटरवर उभे राहा. तक्त्यातला प्रवासी आणि समोरचा प्रवासी एकच असतो, हे तिथंच कळतं.

माझ्या त्या रात्रीच्या दापोलीच्या आईला विमानप्रवास बहुधा आयुष्यात एकदाच घडला असेल. तिची नात आज मनात आलं तर सहा तासांच्या वर्तुळातल्या कुठल्याही शहरात जाऊ शकते, ही या व्यवसायाची मोठी कामगिरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. त्या नातीला काउंटरवर बॅग उघडायची वेळ आलीच, तर काट्याच्या दोन्ही बाजूंची माणसं शांतपणे एकमेकांच्या डोळ्यांत पाहू शकतील, इतकं स्वच्छ काम आपण करू या.