पत आणि क्रेडिट कार्ड

नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलीनें घरीं येऊन "बाबा, बँक क्रेडिट कार्ड देते आहे, घेऊं का?" असें विचारलें, कीं पुष्कळ घरांतून एकच उत्तर मिळतें: "आपल्याकडे उधारीची चाल नाहीं." या उत्तरामागें एक जुनी, आदरणीय शिस्त आहे. परंतु मुलगीहि उधळपट्टीसाठीं विचारीत नसते. चारपांच वर्षांनीं लहानसें घर घ्यावयाचें, तेव्हां बँक पत पाहील, आणि ती पत आतांपासून जमवावी, असें तिच्या कानावर आलेलें असतें. पत म्हणून आज नेमकें काय मोजलें जातें, हें पाहूनच या प्रश्नाचा निवाडा करणें बरें.

पेठेंतल्या वाण्याला गिऱ्हाइकाचें घराणें ठाऊक असे. बँकेला माणूस ठाऊक नसतो. सिबिल ही संस्था २००० सालीं निघाली, २००५ सालीं अशा कंपन्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि आज सिबिल धरून अशा चार कंपन्या आहेत. बँका आपल्या ऋणकोंची माहिती त्यांस पुरवितात व तीवरून ३०० ते ९०० यांमधील एक आंकडा निघतो. या वहींत मुदतठेव लिहिलेली नसते, सोनें लिहिलेलें नसतें. कोणतें कर्ज घेतलें व तें वेळेवर फेडलें कीं नाहीं, हेंच तिच्यांत मुख्यतः पाहिलें जातें. त्यामुळें ज्या गृहस्थानें उभ्या आयुष्यांत एका पैचें देणें केलें नाहीं, त्याच्या नांवाचें पान कोरें राहतें.

कोरें पान म्हणजे कलंक नव्हे. केवळ पूर्वीची नोंद नाहीं म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाराचा अर्ज फेटाळूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०२५ मध्यें बँकांस सांगितलें आहे. तेव्हां कार्ड नाहीं तर घर नाहीं, ही भीति अनाठायीं होय. मात्र व्याजाचा दर ठरवितांना पुष्कळ बँका हा आंकडा पाहतात. आणि तीस लाखांच्या कर्जावर साडेआठ व नऊ टक्के यांतील फरक वीस वर्षांत सव्वादोन लाखांहून अधिक भरतो. मुलीचें म्हणणें पोकळ नाहीं तें इतकें.

आतां वडिलांची बाजू. थोडी बाकी ठेवली म्हणजे पत वाढते, असा एक समज फैलावला आहे; तो साफ चुकीचा आहे. पत वाढते ती वेळेवर फेडल्यानें, आणि संपूर्ण बिल मुदतींत भरणारास खरेदीवर व्याजाचा एक पैसाहि पडत नाहीं. बिलावर मात्र "किमान देय रक्कम" असा एक सौम्य दिसणारा आंकडा छापलेला असतो. समजा, बाकी ४०,००० रुपये आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम २,००० रुपये. त्या दोन हजारांपैकीं १,४०० व्याजांत जातात, २५२ त्या व्याजावरील जी. एस. टी. मध्यें, मुद्दलांतून फिटतात ते अवघे ३४८. शिवाय बाकी राहिली कीं नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतहि संपते. वर्षास ४२ टक्के हा दर ऐकून जुना सावकारहि क्षणभर थबकला असता!

म्हणून निवड कार्डाची नव्हे, संवयीची आहे. पगार महिन्याच्या वीस तारखेस संपतो आणि पुढच्या पगाराच्या भरंवशावर खरेदी होते, त्या घरीं कार्ड येऊं नये. तेथें पत वाढण्याऐवजीं बुडेल. शिक्षणासाठीं घेतलेल्या कर्जाचे हप्ते जी नेमानें भरीत आहे, तिच्या पानावर नोंद होतच आहे. केवळ पतीसाठीं तिला कार्डाची गरज नाहीं. राहिली ती, जिचें पान कोरें आहे आणि हात आंवरलेला आहे. तिनें एकच कार्ड घ्यावें, शक्य तर मुदतठेवीच्या तारणावर मिळणारें. अशा कार्डास बहुधा उत्पन्नाचा दाखला लागत नाहीं, म्हणून घर सांभाळणाऱ्या आईलाहि तें स्वतःच्या नांवें घेतां येतें. त्यावर विजेचें बिल आणि किराणा एवढाच खर्च टाकावा, आणि पूर्ण रक्कम खात्यांतून आपोआप वळती व्हावी अशी सूचना बँकेस आधींच देऊन ठेवावी. चार ठिकाणीं अर्ज करूं नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी वहींत उमटते.

या सगळ्याच्या आधीं स्वतःचा उतारा मागवावा. प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां तो फुकट द्यावा असा नियम आहे. फेडलेलें कर्ज चालू दिसत असेल, किंवा न घेतलेलें कर्ज नांवावर आढळलें, तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे.