उन्हावर हक्क कोणाचा?



कांहीं महिन्यांपूर्वीं एक वृद्ध गृहस्थ सल्ला विचारण्याकरितां मजकडे आले. पुण्यांत त्यांचें स्वतःचें दुमजली घर आहे. निवृत्तीच्या रकमेचा एक भाग खर्चून त्यांनीं गच्चीवर तीन किलोवॅटचा सौर विजेचा संच बसविला होता. विजेचें बिल जवळजवळ नाहींसें झालें होतें, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास गच्चीवर नेऊन तीं निळीं पॅनेलें दाखविण्यांत त्यांना मोठा आनंद वाटे. अशांत दक्षिणेकडील शेजारचा बंगला विकला गेला व तेथें दहा मजली इमारत उठणार असें कळलें. इमारतीस रीतसर परवानगी मिळालेली होती. गृहस्थांनीं विचारिलें, "वकीलसाहेब, पंचवीस वर्षें टिकेल म्हणून मी हा पैसा घातला. माझ्या गच्चीवरच्या उन्हावर माझा कांहींच हक्क नाहीं काय?"

प्रश्न साधा आहे; उत्तर मात्र तितकें साधें नाहीं.

प्रथम सावलीचा हिशेब पाहूं. पुण्यास डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारींही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. क्षितिजापासून त्याची उंची सुमारें ४८ अंश असते. म्हणजे गच्चीपेक्षां २० मीटर उंच असलेल्या इमारतीची सावली त्या वेळीं गच्चीच्या पातळीवर उत्तरेस सुमारें १८ मीटर पसरते. मे महिन्यांत सूर्य डोक्यावर येतो, तेव्हां हीच सावली पायाशीं गोळा होते. यास्तव आमच्या गृहस्थांचें नुकसान उन्हाळ्यांत नव्हे, तर साधारणतः दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत व्हावयाचें होतें. आणि पावसाळ्याच्या ढगांनंतर हेच तर निरभ्र उन्हाचे महिने! शिवाय हीं पॅनेलें बहुधा एका माळेंत जोडलेलीं असतात. त्यांतल्या एकावर सावली आली तरी सबंध माळेची वीज उतरते.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्याकडे या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा. एखाद्या इमारतीस वीस वर्षें अखंड, निर्वेधपणें व हक्कानें प्रकाश मिळत आला असेल, तर त्या प्रकाशाचा हक्क पक्का होतो, असें त्याचें पंधरावें कलम सांगतें. हें ऐकून आमच्या गृहस्थांची मुद्रा उजळली. परंतु पुढील कलमें वाचतांच ती पुन्हां मावळली.

सतराव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या प्रकाशाचा हक्क वहिवाटीनें मिळत नाहीं. नुकसानभरपाईचें तेहतिसावें कलम प्रकाशासंबंधीं बोलतें तें घराच्या दारेंखिडक्यांतून आंत येणाऱ्या प्रकाशाविषयीं. आणि तेथेंही घराची किंमत, राहणाऱ्याचें शारीरिक सुख किंवा त्याचा नेहमींचा व्यवसाय यांस भरीव बाध आल्यासच दाद मिळते. कायदा रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें खिडकीशीं बसून वाचणारा मनुष्य होता. गच्चीवर वीज पिकविणारा मनुष्य त्यांच्या स्वप्नींही नव्हता. गच्चीवरचें पॅनेल म्हणजे खिडकी नव्हे. आणि तें खिडकीसारखें मानावें असा युक्तिवाद कोर्टांत यशस्वी झाला असें क्षणभर धरलें, तरी वीस वर्षांची अट उरतेच. पंचवीस वर्षें आयुष्याच्या वस्तूचें संरक्षण तिच्या विसाव्या वर्षीं सुरू होणार, हा न्याय कोणाच्या कामाचा?

हा पेंच केवळ आपलाच नाहीं. अमेरिकेंत १९५९ सालीं मायामी बीच येथील दोन हॉटेलांचा तंटा गाजला. एका हॉटेलाच्या चौदा मजली वाढीव इमारतीची सावली दुसऱ्याच्या पोहण्याच्या तलावावर पडूं लागली; परंतु शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणाऱ्या उन्हावर कोणाचा हक्क नाहीं, असें फ्लोरिडाच्या अपील न्यायालयानें ठरविलें. पुढें १९८२ सालीं विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढें प्राह विरुद्ध मरेट्टी हा खटला आला. तेथें छपरावर सौर उपकरणें बसविणाऱ्याच्या दक्षिणेस शेजारी घर बांधूं इच्छीत होता. सूर्यप्रकाश आतां केवळ शोभेची वस्तु राहिला नसून ऊर्जेचें साधन झाला आहे, म्हणून त्याची अडवणूक परिस्थितीनुसार उपद्रव ठरूं शकेल, असें म्हणून न्यायालयानें प्रकरण पुन्हां चौकशीसाठीं परत पाठविलें. न्यू मेक्सिको राज्यानें तर १९७७ सालींच, ओढ्याच्या पाण्याप्रमाणें उन्हाचाही प्रथम उपयोग करणाऱ्यास अग्रहक्क देणारा कायदा केला होता.

आपल्याकडे सरकारचें उत्तेजन भरपूर आहे. २०२४ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेविलें गेलें. परंतु उपकरणासाठीं पैसा देणें निराळें आणि त्या उपकरणावर पडणाऱ्या उन्हास संरक्षण देणें निराळें.

मग सामान्य गृहस्थानें करावें तरी काय? वहिवाटीनें जें मिळत नाहीं, तें करारानें मिळूं शकतें. शेजारील जमिनीचा मालक आपल्या जमिनीवर असा बोजा खुशीनें घेऊं शकतो. मात्र तें तोंडी आश्वासनावर सोडूं नये. दस्तांत कोणत्या भागावर, किती उंचीपर्यंत आणि कोणत्या तासांत सावली पडूं द्यावयाची नाहीं, हें नकाशासह लिहावें. मोबदला नमूद करावा. आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दस्ताची नोंदणी करावी. असा बोजा माणसावर नव्हे, जमिनीवर बसतो. जमीन विकली गेली तरी तो तिच्याबरोबर जातो.

सदनिकांत राहणाऱ्यांनीं याखेरीज आणखी एक गोष्ट पाहावी, ती ही कीं गच्ची कोणाची? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें सामाईक जागांच्या व्याख्येंत गच्चीचा, तसेंच नवीकरणीय ऊर्जेच्या यंत्रणेचाही उल्लेख केला आहे. यास्तव पॅनेलें बसविण्यापूर्वीं सोसायटीच्या सभेंत स्पष्ट ठराव करावा. आणि एखादी कंपनी स्वखर्चानें संच बसवून वीस-पंचवीस वर्षें वीज विकण्याचा करार मांडीत असेल, तर गळती, गच्चीची दुरुस्ती व इमारतीचा पुनर्विकास यांची जबाबदारी कोणावर, हें सहीपूर्वीं वाचावें.

असो. आमच्या गृहस्थांची कथा पुरी करतों. मीं त्यांना विचारिलें, "जुने शेजारी होते, तेव्हां त्यांच्याकडून असा कागद करून कां घेतला नाहीं?" ते म्हणाले, "अहो, तीस वर्षांचा घरोबा. सणासुदीला एकमेकांच्या घरीं ताटें जात. त्यांच्याकडे कागद कसा मागायचा?" यावर मला उत्तर सुचलें नाहीं. दावा लावूं नये, असाच सल्ला मीं त्यांना दिला. कारण हरण्याचा संभव मोठा आणि खर्च संचाच्या किमतीहून अधिक. त्यांनीं पॅनेलें गच्चीच्या उत्तर टोकास हलविलीं आणि माळेची जोडणी बदलून घेतली. हिवाळ्यांतली थोडीफार वीज वांचली, एवढेंच.

कायदेमंडळानें उन्हाचा विचार करावा, ही मागणी रास्त आहे. परंतु तोंवर घरोबा आहे तेव्हांच कागद करावा. कागद अविश्वासामुळें करावयाचा नसतो. आजचा शेजारी सज्जन आहे, हें आपण जाणतों. उद्यांचा कोण असेल, हें त्यालाही ठाऊक नसतें.