बडा ख्याल संपल्यावर येणाऱ्यांसाठी

'माझं संगीत, माझी पुस्तकं, माझे चित्रपट' असा ऐसपैस विषय मला दिलेला आहे आणि वेळ आहे दहा मिनिटांची. तेव्हा आवडत्या गोष्टींची यादी वाचत बसत नाही. गेली काही वर्षं एक गोष्ट मनात खुपते आहे, तेवढीच सांगते. आपण सुरुवात गाळायला लागलो आहोत. गाण्याची, कादंबरीची, सिनेमाची सुरुवात. शेवट कुणी चुकवत नाही हो. शेवटाला सगळे वेळेवर हजर असतात.

आमच्याकडचंच उदाहरण देते. ठाण्याला गडकरी रंगायतनात महापालिकेचा पंडित राम मराठे संगीत महोत्सव होतो. आत बडा ख्याल चाललेला असतो आणि बाहेर चहाशी चार-सहा जण निवांत उभे असतात. चांगले कान असलेली माणसं, बरं का. एकदा विचारलं तर म्हणाले, "अहो, आत्ता कुठे विलंबित लागलंय. द्रुत सुरू झाली की जाऊ." लग्नाला जेवणापुरतं जाणारे मी पाहिलेत, पण त्यांना निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. ही मंडळी स्वतःला रसिक समजतात.

आणि हे कुणाच्या नावाच्या महोत्सवात, तर राम मराठ्यांच्या! ठाणेकरांना त्यांच्याबद्दल मी काय सांगणार? पण त्यांचं शिक्षण कसं झालं ते एकदा आठवून पाहा. मास्तर कृष्णराव, मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित, किती दारी तो माणूस बसला! त्यांचे मास्तर कृष्णराव हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. त्या भास्करबुवांच्या नावानं आमच्या कल्याणात गायन समाज देवगंधर्व महोत्सव भरवतो. मी कल्याणची माहेरवाशीण, त्यामुळे हे जरा अभिमानानं सांगते. भास्करबुवा गेले १९२२ साली आणि त्यांचा आवाज कुठल्याही तबकडीवर उतरलेला नाही. म्हणजे त्यांची क्लिप नाही. मोबाईलवर शोधून सापडणार नाही. जे काही उरलं ते शिष्यांच्या गळ्यात, आणि तिथे ते उतरलं ते समोर बसून, तासन्‌तास, सुरुवातीपासून.

आता हेच राम मराठे पोरसवदा वयात सिनेमात होते. प्रभातचा 'माणूस', १९३९ सालचा, शांतारामबापूंचा. त्यात ते काम करताना दिसतात. या चित्रपटातलं शांता हुबळीकरांचं एक गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, उद्याची चिंता आजच कशाला करायची, असं विचारणारं. दिवाळी पहाटेला ते हमखास होतं, लोक टाळ्यांचा ठेका धरतात. पण ते गाणारी मैना कोण आहे? धाडीच्या वेळी पोलीस शिपायाला कोठीवर सापडलेली बाई. तो शिपाई तिला माणसांत आणू बघतो, ती त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि मागे फिरते. पुढे तिच्या हातून तिच्या मामाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. उद्याची चिंता करू नका म्हणून गाणाऱ्या बाईचा हा उद्या! हे ठाऊक असेल तर त्या गाण्याला टाळ्यांचा ठेका धरवेल का? एकदा 'माणूस' पहिल्यापासून बघा आणि मग ठरवा. मी हट्टानं 'पहिल्यापासून' म्हणते आहे.

दहा मिनिटांत पटवायचं, तर जरा स्वयंपाकघरात जाते. ठाणे-कल्याणकडे वालाचं बिरडं होतं. आमच्या शेजारच्या कायस्थ वहिनींकडून मी ते शिकले. कडवे वाल रात्री भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात गच्च बांधून ठेवायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग बसायचं सोलत. वाल चिमटीत धरून दाबला की डाळिंबी टुणकन बाहेर येते आणि साल बोटांत राहतं. एकेक. वाटीभर वाल असले तरी बोटांची टोकं पाण्यानं सुरकुततात. चव घ्यायची ती शेवटी, नारळ-कोकम पडल्यावर. पण पहिल्या रात्री भिजवायलाच विसरलात, तर दुसऱ्या दिवशी कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या, साल सुटत नाही. तुम्ही बिरडं करायला घेतलेलं असतं आणि पानात पडतं भलतंच काहीतरी.

विलंबित ख्याल म्हणजे ते भिजवणं. त्यात 'काही घडत नाही' असं वाटतं. वाल भिजत असतात तेव्हाही पातेल्यात काही घडताना दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, बाजारात सोललेले वाल मिळतात की! मिळतात. डोंबिवलीला स्टेशनबाहेर बायका घेऊन बसतात, मीसुद्धा आणते. पण ते कुणीतरी भिजवलेले असतात, कुणीतरी रात्र घालवलेली असते. हा मुद्दा नीट ऐका, कारण इथेच लोक मला अडवतात. ते म्हणतात, "मावशी, जुन्या तबकड्या तर तीन-साडेतीन मिनिटांच्याच होत्या. अब्दुल करीम खाँ त्यात गायले, हिराबाई गायल्या, केसरबाई गायल्या. तुमचं विलंबित तिथे कुठे होतं?" अगदी बरोबर. पण ती तीन मिनिटं त्यांनी स्वतः बेतली होती. काय ठेवायचं, काय सोडायचं, आलापाची एक ओळ कुठे पुरेशी आहे, ते त्यांनी ठरवलं होतं. त्या तबकडीला स्वतःची सुरुवात होती. तुम्ही पन्नास मिनिटांच्या ख्यालाची शेवटची तीन मिनिटं ऐकता, ती कुणी बेतलेली नसतात. ती नुसती उरलेली असतात. मी लांबीबद्दल बोलत नाही. पुन्हा सांगते, लांबीबद्दल बोलत नाही, सुरुवातीबद्दल बोलते आहे.

आता कादंबरी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊंनी 'करमणूक' काढलं १८९० साली आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येत गेली. वाचक पुढच्या अंकापर्यंत थांबत होते. त्याच सुमारास, १८९३ साली, ठाण्याला मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर त्याही आधीचं, १८६४ सालचं. या गावांना वाचनाची सवय नवी नाही. आज मुलं ही कादंबरी वाचतात कशी? परीक्षेपुरता सारांश: यमू नावाची मुलगी, लग्न, मुंबईचा संसार, वैधव्य, बळजबरीनं केशवपन. पाच ओळींत कादंबरी खलास. पण हरिभाऊंनी सुरुवातीची पानंच्या पानं कशावर खर्च केली आहेत? यमूच्या लहानपणावर. ती आणि तिचा दादा, त्यांची भांडणं, आई, वडिलांचा धाक, घरातले रुसवेफुगवे. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं होतं, काय हे, पुढे सरका ना. पण शेवटी न्हाव्यासमोर बसवली जाते ती 'एक विधवा' नसते. जिचे पोरकट हट्ट आपण शंभर पानं सोसले, ती आपली यमू असते. सारांश वाचणाऱ्याला त्या प्रसंगी वाईट वाटतं. पुस्तक वाचणाऱ्याला ते पुढे वाचवत नाही. बालपण गाळलं तर यमूच गेली, उरला तो सामाजिक प्रश्न.

हे जाडजूड कादंबऱ्यांपुरतंच नाही. माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या, १९५५ सालची. एवढीशी कादंबरी, डोंबिवलीहून सीएसटीला दोन-चार दिवस जा-ये करताना संपेल. एक तरुण मास्तर पहाटेचा माणदेशातल्या वाटेनं चालत निघतो, इथून ती सुरू होते. नुसतं चालणं. त्याच्याबरोबर आपण पायी गावात शिरतो म्हणून शेवटी दुष्काळात गाव रिकामं होतं तेव्हा ती घरं आपल्याला ओळखीची असतात. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर चित्रपट केला. तो पाहा, पण ती वाटचाल पळवू नका.

हे 'पळवणं' मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' नावाचा मराठी चित्रपट आहे, २०२० सालचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका मुलाची गोष्ट आहे. त्यात तो रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकलवर जात असतो, कानात माई नावाच्या गायिकेच्या व्याख्यानाच्या जुन्या टेपा, आणि पडद्यावर सगळं संथ केलेलं. माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा आहे. तर लोकलमध्ये माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी हा चित्रपट मोबाईलवर बघत होती आणि तिनं वेग दीडपट केला होता! दिग्दर्शकानं मुद्दाम संथ केलेली मोटारसायकल आमची ही पोरगी ठाण्याच्या आत पोहोचवायला निघाली होती. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "अगं, तो मुलगा दमेल." तिनं कानातलं काढून विचारलं, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, बघ तू." रागावू तरी कुणावर? सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणारं पोर ते. तिला वेळ नाही हे मला कळतं. वेळ नसेल तर अर्धाच बघ, उरलेला उद्या बघ. पण पहिला अर्धा बघ!

एक कबूल करायला हवं. काही विलंबित ख्याल खरोखरच कंटाळवाणे असतात. गायकाकडे सांगायला काही नसतं आणि तो ते सावकाश सांगतो. अशा वेळी चहाला जाण्यात पाप नाही. मीही जाते. पण कंटाळवाणं आहे हे आधी आत बसून ठरवा, बाहेर उभं राहून नको.

आणि भिजवणं साधलं की काय होतं, ते ऐकायचं असेल तर अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐका. त्यांची एक लाँगप्ले आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा संध्याकाळचा राग. झुमरा ताल, चौदा मात्रा, आणि लय इतकी संथ की सम येईस्तोवर आपणच पुढे झुकून बसतो. मारव्यात षड्जावर फार टेकायचं नसतं. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात गाणं हिंडत राहतं, आणि ज्या सुरावर सगळ्यांनी घरी यायचं तो सूर खाँसाहेब लांबवत राहतात. लांबवत राहतात. मग कधीतरी तो षड्ज लागतो. तुम्ही तिथूनच ऐकायला लागलात तर तो नुसता 'सा' आहे. हार्मोनियमची पट्टी दाबा, तोही 'सा'च. वाट पाहिलेली नसेल तर काय आलं ते कसं कळणार? माझा सगळा मुद्दा एवढाच आहे आणि तो मी चौथ्यांदा सांगते आहे याची मला जाणीव आहे, पण रेडिओ मध्येच लावणारेही असतात. म्हणजे या भाषणाचीसुद्धा सुरुवात काही जणांनी गाळलेलीच असणार!

काचेपलीकडून खूण झाली आहे. दोन मिनिटं. शन्ना नवऱ्यांबद्दल बोलायचं होतं, ते आमच्या डोंबिवलीचे, त्यांच्या कथेत पहिला परिच्छेद किती साळसूद असतो आणि शेवटाला तो कसा पाय ओढतो. ते राहू दे, त्याला वेगळं भाषण हवं.

एक मात्र सांगून घेते. घरी टीव्हीवर हल्ली श्रेयनामावली गाळायचं बटण येतं. चित्रपट सुरू झाला की कोपऱ्यात उगवतं आणि घरातलं कुणीतरी ते दाबतंच, आमच्याकडेही दाबतात. 'पथेर पांचाली' लावलात तर कृपा करून दाबू नका. १९५५ सालचा चित्रपट, सत्यजित रायांचा पहिलाच. हातानं लिहिलेली बंगाली अक्षरं एकामागून एक येतात आणि त्याखाली रविशंकरांचं संगीत सुरू होतं. तुम्हाला बंगाली वाचता येत नाही, मलाही येत नाही. तरी बघा. कारण ती धून पुढे चित्रपटात पुन्हा येते, आणि जिथे येते तिथे दुर्गा आणि अपू... नाही, आता खरंच वेळ संपली. इथे थांबायलाच हवं.