कागद कुणी पाहिला होता?

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, आणि पहाटेची एसटी धरून झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, उमरखेडहून आलेल्या मायबापहो,

मागच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याकडच्या एका शेतकऱ्याचा मला व्हॉट्सॲपवर निरोप आला. ‘सर, कापसावरचं हे पुस्तक वाचा, कामाचं आहे.’ खाली पीडीएफ. उघडून पाहिली तर पुस्तक माझंच. मुखपृष्ठ आणि किमतीचं पान स्कॅन करणाऱ्याने गाळलेलं होतं, लेखकाचं नावही त्यांच्याबरोबर गेलं. समासात कुणीतरी पेन्सिलने केलेल्या खुणा होत्या, आणि एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही आला होता. आधी मी चिडलो. मग हसू आलं. मी उत्तर पाठवलं, ‘वाचलंय.’

तो माणूस लबाड नाही. उधारी बुडवणारा नाही, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचं बोरही विचारल्याशिवाय तोडणार नाही. पण त्याच्याच वावरात तणनाशक फवारलं तरी न मरणारी पऱ्हाटी उभी असते. त्या बिजवाईला आपल्याकडे सगळे चोर बीटी म्हणतात. विकणारा म्हणतो, घेणारा म्हणतो, धाड टाकायला आलेला माणूसही चहा पिताना तेच म्हणतो. नावातच चोर आहे, पण चोरी केल्याची बोच कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. पीडीएफ पुढे ढकलतानाही दिसत नाही. तुमच्याही नसेल. टेलिग्रामवरून उतरवलेल्या पुस्तकांवर किती जण पास झालात, हे मी आज विचारत नाही. आजचा दिवस चांगला आहे.

ही बोच का नाही, याचं सोपं उत्तर लोकांकडे तयार असतं: ‘पेटंटवाल्यांनी लुटलं, मग आम्ही घेतलं तर काय बिघडलं?’ हा राग मला खरा वाटतो. पण त्याचा पत्ता बऱ्याचदा चुकलेला असतो, आणि तो चुकवण्यात माझ्यासारख्या शिकलेल्यांचा हात आहे. कसा, ते सांगतो.

जनुकबदल पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीने बोलगार्ड या बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षीच गुजरातेत नवभारत १५१ या नावाचं विनापरवाना बीटी वाण हजारो एकरांवर सापडलं होतं. म्हणजे आपल्याकडे चोर बीटी आधी आलं, साव बीटी नंतर! तर, या साव बीटीचं साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या आसपास मिळायचं. त्यातले साधारण साडेबाराशे रुपये बियाण्याचे नव्हतेच. बियाण्यातल्या एका गुणाचे होते, बोंडअळी मारणाऱ्या जनुकाचे. व्यवहारात त्याला ट्रेट व्हॅल्यू म्हणत.

२००३ साली कळंबच्या एका शेतकरी मेळाव्यात मी व्यासपीठावर होतो. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. ‘येवढे पैसे कायचे घेतात जी?’ मी ऐटीत सांगितलं, ‘पेटंट आहे बाबा, ते द्यावंच लागतं.’ तो खाली बसला. मीही बसलो. लोकांनी टाळ्याही वाजवल्या असतील.

पहिल्या बोलगार्डमधल्या त्या जनुकावर भारतात पेटंट नव्हतंच.

पैसे घेणं त्यामुळे आपोआप बेकायदा ठरतं, असं मी म्हणत नाही. हे जनुक पुरवणाऱ्या महिको मोन्सॅन्टो बायोटेकने बियाणं कंपन्यांशी करार केले होते, त्यांवर सह्या होत्या, आणि कंपन्यांनी तो भार पाकिटावर चढवला होता. करार हा करार असतो. पण कराराचे पैसे आणि पेटंटचे पैसे यांत फरक आहे. पेटंट म्हणजे देशाने वीस वर्षांसाठी दिलेला शब्द. कराराचं तसं नाही, त्यात घासाघीस करता येते, ‘आम्हाला हे परवडत नाही’ असं ठणकावता येतं. आंध्र प्रदेश सरकारने तेच केलं. २००६ साली ते मक्तेदारी विरोधी आयोगाकडे गेलं, आणि त्याच हंगामात पाकिटाचा भाव साडेसातशेवर आला. चार हंगाम आपण जे निमूटपणे देत होतो, ते भांडल्यावर निम्म्याहून खाली उतरलं. म्हाताऱ्याचा प्रश्न बरोबर होता. चूक माझ्या उत्तराची होती. मी कागद पाहिला नव्हता.

पुढे बोलगार्ड दोन आलं, त्याला मात्र पेटंट मिळालं. २००८ साली, क्रमांक २१४४३६. त्यावरून मोन्सॅन्टो आणि बियाणं कंपनी नुझिवीडू यांचा खटला पेटला, तो तुम्ही अभ्यासात वाचला असेल. वाचला नसेल तर वाचा, कादंबरीपेक्षा बरा आहे. पेटंट कायद्याचं कलम ३(जे) म्हणतं की वनस्पती, बियाणी, त्यांचे भाग यांवर पेटंट मिळत नाही. मग वनस्पतीत शिरलेल्या जनुकाचं काय? एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट रद्द ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. त्याच वर्षाअखेर पेटंटची मुदत संपली. २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवून घेतलं. खटला पेटंटपेक्षा जास्त जगला, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर कुणालाच मिळालं नाही.

दरम्यान सरकारने भाव हातात घेतले होते. २०१६ मध्ये बोलगार्ड दोनचं पाकीट ८०० रुपयांना, त्यात ट्रेट व्हॅल्यू ४९ रुपये. बोलगार्ड एकची ट्रेट व्हॅल्यू शून्य. २०२० साली दोनचीही शून्य झाली. आता एक गोष्ट लक्षात घ्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळात गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं आतून पोखरली. अळी बोलगार्ड दोनमधली दोन्ही जनुकं पचवायला शिकली होती. फवारण्या वाढल्या, आणि त्या वर्षी विषबाधेने आपल्या जिल्ह्यातली वीसहून अधिक माणसं गेली. त्यांची घरं इथून फार लांब नाहीत. त्या हंगामातल्या बोलगार्ड दोनच्या प्रत्येक पाकिटात अळीपासून संरक्षणाचे ४९ रुपये होतेच. गुण संपला, तरी गुणाची किंमत चालू राहिली. पेटंट दिल्यानंतर ती वस्तू अजून काम करते का, हे दर हंगामाला तपासण्याची सोय पेटंट कायद्यात नाही. माझ्या मते लोकांच्या रागाचा खरा पत्ता इथे आहे.

आणि चोर बीटी? त्यावरची बंदी पेटंटची नाहीच. ते विकणं गुन्हा ठरतं १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, कारण त्या वाणाला जैवसुरक्षेची मंजुरी मिळालेली नाही. मंजुरीचा अर्ज कंपनीनेच २०१६ मध्ये मागे घेतला, तंत्रज्ञान वाटून घेण्याच्या सरकारी नियमांवर रुसून. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी त्या पेरणीच्या बाजूचा नाही. चोर बीटीच्या पाकिटाला बिल नसतं, आणि उगवलं नाही तर तक्रार करायला दुकानदारही नसतो.

म्हणजे जिथे पेटंट नव्हतं तिथे आपण पेटंट समजून पैसे भरले, आणि जिथे अडचण दुसऱ्याच कायद्याची होती तिथे पेटंटला शिव्या दिल्या.

आता जो कायदा आपल्या बाजूने आहे, त्याचं. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बियाणं राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला, विकायलाही मोकळीक देतं. अट एवढीच की ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. जगात असा हक्क फार थोड्या देशांत आहे. पण आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणांत. संकरिताची सरकी ठेवून पेरली तर दुसऱ्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत, म्हणून दर मिरगाला पुन्हा दुकान. कायद्याने जो हक्क दिला, तो झाडाच्या वंशावळीतच काढून घेतला गेला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नरमा हे राखून पेरता येईल असं बीटी वाण काढलं होतं. त्यात खासगी कंपनीचं जनुक आढळल्याच्या वादात ते मागे घ्यावं लागलं. तुमच्यापैकी जे जैवतंत्रज्ञानात जाणार आहात, त्यांनी ही जखम लक्षात ठेवा.

हाच प्रकार मोबाइलमध्ये होतो. छापील पुस्तक विकत घेतलं की ते मित्राला वाचायला देता येतं, रद्दीत विकता येतं. ई-पुस्तकाला कुलूप असतं. कायदा अभ्यासापुरती नक्कल करू देतो, कुलूप करू देत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम आलं. कुलूप तोडणं त्याने गुन्हा केलं, पण कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही, असंही लिहून ठेवलं. कुलूप तोडायचं कसं, ते मात्र कायदा शिकवत नाही.

झेरॉक्सवाल्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण तुमच्या पदवीत त्यांचाही वाटा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असं त्यांनी लिहिलं. त्याच वर्षाअखेर खंडपीठानेही शिकवण्याच्या गरजेपुरत्या प्रतींना मोकळीक दिली. तेव्हा अभ्यासक्रमातल्या प्रकरणांची झेरॉक्स काढताना चोरासारखं इकडेतिकडे पाहू नका.

मुदतीचं वेड मात्र मला कधीच समजलं नाही. जनुकाचं पेटंट वीस वर्षांचं. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. आधी पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार, म्हणून ती साठ केली. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, त्या हिशेबाने ग्रामगीता २०२८ अखेरपर्यंत बांधलेली आहे. आपल्या गावांतली भजनी मंडळं ती गातात, वह्यांत उतरवून घेतात, आणि फुकट ऐकायला बसलेल्यांपुढे हौशी मंडळाने गायलं तर कायदाही सूट देतो. पण माझंच पुस्तक घ्या. त्यातल्या फवारणीच्या शिफारशी पाच वर्षांत शिळ्या झाल्या. हक्क मात्र मी गेल्यावर साठ वर्षं शाबूत! त्याचा उपयोग कुणाला? माझ्या नातवंडांना तरी नक्कीच नाही.

तरीही ‘सगळं फुकट करा’ अशी घोषणा मी देणार नाही, आणि तुम्ही दिलीत तर मी खाली बसेन. कारण आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचा धनी. धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षामागून वर्षं निवडत नेल्या, आणि बारीक तांदळाचं एक वाण उभं केलं. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी म्हणू लागले. बियाणं गावोगाव फिरलं, हजारो एकरांत गेलं. १९९४ मध्ये आपल्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित केलं. आम्ही ते शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. पुढे पुरस्कार मिळाले, छायाचित्रं छापून आली. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, ते गरिबीतच. त्यांचं बियाणं नेणाऱ्या शेतकऱ्यांनी चोरी केली नव्हती, धानाची बिजवाई अशीच हातोहात फिरत आली आहे. पण ज्याच्या नजरेतून ते वाण निघालं त्याला त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांकडून राहून गेला. त्यांच्याकडे वकील नव्हता, आणि शेजारी बसून नियम वाचून दाखवणारा पदवीधरही नव्हता.

उद्या तुमच्यातल्या कुणाच्या प्रबंधातलं काम कुणी उचलेल. कुणी पहिल्या नोकरीत पंधरा पानांच्या करारावर न वाचता सही कराल, आणि तुम्ही शोधलेलं सगळं कंपनीचं, अशी ओळ त्यात अकराव्या पानावर असेल. कृषी केंद्राच्या काउंटरवर तुमचे वडील उभे असतील आणि दुकानदार म्हणेल, ‘पेटंट आहे.’ पेटंट कार्यालयाची नोंद आता कुणालाही मोबाइलवर पाहता येते. क्रमांक टाका, अर्ज कुणाचा, कधीचा, मुदत कधी संपते, सगळं समोर येतं. २००३ मध्ये मला हे इतकं सोपं नव्हतं. पण अशक्यही नव्हतं.

त्या पीडीएफमधल्या पेन्सिलच्या खुणांचं सांगायचं राहिलं. बहुतेक खुणा खताच्या मात्रांशी होत्या. पण बोलगार्ड एकच्या प्रकरणात मी ‘पेटंटपोटी द्यावी लागणारी रक्कम’ असं लिहून ठेवलंय. हो, पुस्तकातही तीच चूक. त्या ओळीखाली रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते: ‘नंबर काय?’ अक्षर कुणाचं, मला ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात पांढरकवड्याच्या त्या शेतकऱ्याला मी कळवलं की नंबर नव्हता, पेटंटच नव्हतं, पुस्तकात चूक आहे. त्याने लगेच विचारलं, ‘तुम्हाला कसं माहीत सर? लेखक ओळखीचे आहेत का?’